पर्जन्यजल संकलनाच्या नावाखाली झालेली फसवणूक: ठाण्यातील प्रदर्शनापासून माणमधील टाकीपर्यंत

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत मार्च उजाडला की टँकरची नोंदवही उघडते. त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठाण्यात भरलेल्या घरबांधणीविषयक प्रदर्शनात "छतावरील पाणी, वर्षभर पुरेल इतके" असा फलक दिसला, तेव्हा मी आणि माझी पत्नी त्या दालनासमोर थांबलो. आमच्या मनात सोसायटी नव्हती, गाव होते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर असून तिथे थोरले बंधू, वहिनी आणि माझी आई राहतात. बोअरचे पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, आणि उन्हाळ्यात बोअरही दम सोडते. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून घरासाठी काहीतरी कायमचे करावे, असे माझ्या मनात होतेच. पुढे जे घडले त्यात 3,14,500 रुपये गेले. ते कसे गेले हे तपशिलाने लिहितो, कारण अशी दालने यंदाही लागतील.

दालनातील तरुण अत्यंत आर्जवी होता. पहिल्या वाक्यापासून त्याने मला "काका" म्हणायला सुरुवात केली आणि तीनच दिवसांनी लॅपटॉप व एक छोटी पेटी घेऊन तो घरी हजर झाला. त्या पेटीत दोन काचेचे पेले आणि विजेवर चालणारे, धातूच्या दोन-दोन कांड्या असलेले उपकरण होते. एका पेल्यात त्याने आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात स्वतः आणलेल्या बाटलीतले "शुद्ध" पाणी, आणि कांड्या बुडवून बटण दाबले. दोन मिनिटांत नळाच्या पाण्यावर हिरवट-तपकिरी गाळ तरंगू लागला, दुसरा पेला मात्र जसाच्या तसा राहिला. "काका, ठाण्याच्या पाण्याची ही गत, तर गावाकडे काय असेल?" असे तो म्हणाला, आणि पत्नीने त्या दिवशी संध्याकाळचा चहासुद्धा विकतच्या पाण्याचा केला.

हा प्रयोग म्हणजे शुद्ध हातचलाखी आहे, हे मला सहा महिन्यांनी माझ्या पुतणीने दाखवले. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन लोखंडी खिळे घेतले, शेजाऱ्यांच्या आरओ यंत्राचे पाणी पेल्यात ओतले आणि खिळे त्यात बुडवले. बराच वेळ काही झाले नाही. मग तिने त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, आणि थोड्याच वेळात तोच हिरवट, पुढे तांबूस होणारा गाळ आमच्या डोळ्यांदेखत तयार झाला. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की कांडीचे लोखंड विरघळते आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. घाण पाण्यातली नसून कांडीची असते. आरओच्या पाण्यात क्षारच जवळपास नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसते. ठाण्याला धरणांतून येणारे पाणी मुळात मऊ आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि आमच्या नळाचे पाणी त्याच्या कितीतरी खाली भरते. 500 च्या आत क्षार असतील तिथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच दिले होते. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर तो पेला मी त्याच्याच हातात परत दिला असता.

खरी मेख मात्र पेल्यात नव्हती, लॅपटॉपवरच्या तक्त्यात होती. घराचे छत 90 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे त्याने मला अगदी शिक्षकासारखे समजावून सांगितले आणि ते बरोबरही आहे. पुढच्या रकान्यात वार्षिक पाऊस 2,500 मिलिमीटर धरून त्याने 2,25,000 लिटर हे उत्तर काढले व त्यासाठी 50,000 लिटरची फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली) टाकी, गाळणी, "फर्स्ट फ्लश व्हॉल्व्ह" (छतावरचे पहिले घाण पाणी बाजूला काढणारी झडप) आणि आरओ यंत्र मिळून 3,40,000 रुपयांचे क्वोटेशन पुढे केले. अडीच हजार मिलिमीटर हा आकडा मी ठाण्यात तीस वर्षे ऐकत आलो आहे, म्हणून तो मला खटकलाच नाही. तो ठाण्याचा पाऊस होता. माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होत असताना आमच्याकडे सरासरी 500 च्या आतबाहेर पडतो, आणि तोही पुष्कळदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. छतावर मुरणारे, उडून जाणारे व वाया जाणारे पाणी वजा करता हाती साधारण 80 टक्के लागते, म्हणजे 90 गुणिले 500 गुणिले 0.8, एकूण 36,000 लिटर. ज्या गावात मी लहानपणी घागरी वाहिल्या, त्या गावचा पाऊस मला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. नुसते दादांना फोन करून विचारले असते तरी पुरले असते.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे एवढ्या मोठ्या टाकीची गरजच नव्हती. घरातल्या तीन माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर पाणी लागते, पैपाहुणा धरून 25 समजा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनपर्यंतच्या 240 दिवसांना 6,000 लिटर होतात. दहा हजारांची टाकी आमच्यासाठी मुबलक होती, आणि धुण्याभांड्यांना बोअर आहेच.

आगाऊ म्हणून साठ टक्के, म्हणजे 2,04,000 रुपये मी दिले. टाकी पूर्ण झाल्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर आल्यावर आणखी 1,02,000 दिले. दरम्यान, निम्मी रक्कम सरकारी अनुदान म्हणून खात्यात जमा होईल असे सांगून "फाइल चार्ज" म्हणून 8,500 रुपये वेगळे घेतले गेले. त्या अनुदानाची चौकशी दादांनी ग्रामपंचायतीत केली, तेव्हा आमच्या नावाची कोणतीही फाइल ग्रामसेवकांकडे आलेली नाही, एवढेच कळले. पावती म्हणून माझ्या हाती होते ते क्वोटेशनच, त्यावर मारलेला एक शिक्का, आणि जीएसटी क्रमांकाची जागा कोरी.

पाऊस पडल्यावर एकेक गोष्ट उघडी पडत गेली. क्वोटेशनमध्ये 14,500 रुपयांना लावलेला फर्स्ट फ्लश व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बसवलेलाच नव्हता. पन्हळीचा पाइप थेट टाकीत सोडला होता, त्यामुळे छतावरची धूळ, पाला आणि कबुतरांची विष्ठा पहिल्याच सरीबरोबर आत गेली. खरे तर पहिला मिलिमीटरभर पाऊस, म्हणजे आमच्या छताचे 90 लिटर पाणी, बाजूला काढले की काम भागते आणि त्याला तोटी बसवलेला शंभर लिटरचा साधा पिंपसुद्धा चालतो. टाकीवरचे पत्र्याचे झाकण नीट बसत नव्हते, फटीतून उजेड जाऊन महिन्याभरात शेवाळ धरले. गावच्या जलसुरक्षकाने पाण्याचा नमुना तपासणीच्या बाटलीत भरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी ती बाटली काळी झाली, म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संभव होता. विक्रेत्याचा माणूस मात्र क्षार मोजणारे मीटर बुडवून "काका, फक्त 22, एकदम शुद्ध" असे सांगून गेला होता. ते मीटर क्षार मोजते, जंतू नाही. पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच, त्यामुळे त्याला आरओची गरजही नसते. उलट ते यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सांडून टाकते, आणि माणमध्ये दोन लिटर पाणी सांडणाऱ्याला आमची आई घरात थारा देणार नाही. दादांनी टाकी उपसून धुतली, पन्हळीला पिंप जोडला आणि आता ते हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबाने ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालतात. अर्ध्या तासाने ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहण्याच्या चाचणीत, पिवळसर झाक आली की पाणी वापरायला घेतात. आईसाठी वहिनी ते उकळतात.

टाकी धुताना दादा आत उतरले होते, म्हणून त्यांनी सहज टेप लावला. आतला व्यास चार मीटर, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतची उंची दोन मीटर वीस सेंटिमीटर. 3.14 गुणिले 2 गुणिले 2 गुणिले 2.2 केले की 27.6 घनमीटर येतात, म्हणजे 27,600 लिटर. पन्नास हजारांच्या टाकीचे पैसे घेऊन अर्ध्याहून जराशी मोठी टाकी बांधली गेली होती आणि मी ठाण्यात बसून तिचे छायाचित्र पाहून पैसे पाठवले होते.

उरलेले 34,000 मी रोखून धरल्यावर फोन उचलणे बंद झाले. वागळे इस्टेटमधील ज्या गाळ्याचा पत्ता शिक्क्यावर होता, तिथे चौकशी केली तर ती जागा दुसऱ्याच व्यवसायाची निघाली. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्यापाशी पक्के बिल नसल्यामुळे बँकेतील नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि तो 2,500 मिलिमीटरचा तक्ता, जो त्याने नशिबाने मला ईमेलने पाठवला होता, हेच कागद जोडले आहेत.

सोबत टाकीचे एक छायाचित्रही आहे. तिच्यावर विक्रेत्याच्या माणसांनी निळ्या रंगात "50,000 लि." असे ठळक रंगवले होते, त्याच्या खाली दादांनी खडूने 27,600 लिहिले आहे.