सैनिक आणि सैनिकपत्नींना नागरी नोकरीपर्यंत नेणाऱ्या पुण्यातील सेवा : एक परीक्षण

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेक जवानांचे वय त्या वेळी ३५ ते ४५ च्या दरम्यान असते. मुलांची शिक्षणे अर्ध्यावर, घराचा हप्ता चालू, गावाकडे आईवडील थकलेले आणि कमावण्याची अजून वीसेक वर्षे हातात, अशा टप्प्यावर हा माणूस वर्दी उतरवतो. पेन्शनीवर गावात घर चालू शकते, पुण्यात चालणे अवघड जाते. माझे यजमान ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहने व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, वाहनदुरुस्तीच्या ट्रेडमध्ये होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले, मी डी.एड. झालेली आहे. दोघांसाठी प्रशिक्षण आणि नोकरी शोधताना पुण्यातील ज्या सेवा आम्ही वापरल्या किंवा जवळून पाहिल्या, त्यांचे हे परीक्षण सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येऊन दिघी, भोसरी, विश्रांतवाडी, धानोरी भागात स्थिरावू पाहणाऱ्या फौजी कुटुंबांना उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे.

या कामासाठी पुण्याइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे आहे, पुनर्वसन महासंचालनालयाचे दक्षिण विभागाचे कार्यालय येथे आहे, आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे व माजी सैनिक महामंडळाचे म्हणजे मेस्कोचे मुख्यालयही घोरपडीत, राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोरच्या ‘रायगड’ इमारतीत आहे. चाकण, रांजणगाव, तळेगावचे कारखाने आणि हिंजवडीच्या कंपन्या हाकेच्या अंतरावर आहेत. एवढे सगळे जवळ असूनही जवानाच्या हातातले कौशल्य आणि कारखान्याची गरज यांची गाठ मात्र सहजासहजी पडत नाही, आणि त्याच्या पत्नीचा विचार तर बहुतेक ठिकाणी सर्वांत शेवटी होतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि जिथे ही गाठ कोणीतरी लक्ष घालून बांधून दिली, तिथले कौतुकही मला तितक्याच मनापासून करायचे आहे.

सुरुवात पुनर्वसन प्रशिक्षणापासून करते. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला फौजी घरांत सगळे डीजीआर म्हणूनच ओळखतात, सेवेच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्यांसाठी निरनिराळ्या संस्थांमधून अभ्यासक्रम चालवते. जेसीओ, म्हणजे सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी, आणि जवान यांच्या अभ्यासक्रमाचे पूर्ण शुल्क सरकार भरते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत सरकारचा वाटा ६० टक्के असतो. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्ये २४ आठवड्यांचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत आणि त्यांचा बाजारातील मान निर्विवाद आहे. खडकीतील सिंबायोसिसची व्यवस्थापन संस्था तर १९९३ मध्ये संरक्षण दलांतील व्यक्ती आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीच सुरू झाली. जवानांच्या अभ्यासक्रमांचा दर्जा मात्र संस्थेगणिक बदलतो. यजमानांनी गोदाम व्यवस्थापनाचा जो अभ्यासक्रम केला, तिथे इंग्रजी स्लाइड भिंतीवर दाखवून त्या जशाच्या तशा वाचल्या जात, प्रत्यक्ष गोदाम एकदाच आणि तेही दारातून दाखवले गेले, आणि नोकरी मिळवून देण्याचे जे आश्वासन प्रवेशाच्या वेळी दिले होते, त्याचा शेवटच्या दिवशी कोणी उल्लेखही केला नाही. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आणि जाड कागदावर मिळाले.

याचे एक कारण उघडपणे बोलले पाहिजे. वर्षानुवर्षे कुटुंबापासून दूर राहिलेला जवान अभ्यासक्रम निवडताना विषयापेक्षा ठिकाण पाहतो, कारण त्या निमित्ताने त्याला सेवेचे शेवटचे महिने घराजवळ काढता येतात. त्यात त्याचा काहीच दोष नाही. पण हे ओळखून असलेल्या संस्था शिकवण्यात ढिलाई करतात आणि जवानही तक्रार करीत नाही, म्हणून तोच अभ्यासक्रम पुढच्या तुकडीलाही तसाच मिळतो. अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी किती जण त्याच क्षेत्रात कामाला लागले, याचा हिशेब प्रत्येक संस्थेकडून घेतला जावा आणि तो अर्ज भरण्यापूर्वी जवानाला वाचायला मिळावा, एवढी सुधारणा झाली तरी पुष्कळ फरक पडेल.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा अनुभव याहून चांगला आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनीचा आदेश, आणि शैक्षणिक कागद घेऊन गेल्यावर नोंदणी झालीच, शिवाय तेथील कल्याण संघटकांनी समोर बसवून आमच्या हक्काच्या गोष्टी नीट समजावून सांगितल्या. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क मध्ये ते १० टक्के आहे आणि सरकारी बँका व सार्वजनिक उपक्रमांच्या गट क मध्ये साडेचौदा टक्के. केंद्राच्या भरतीत वयाची अट पाहताना लष्करी सेवेची वर्षे प्रत्यक्ष वयातून वजा केली जातात आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते. दहावी उत्तीर्ण असून १५ वर्षे सेवा केलेल्या जवानाला पदवीची अट असलेल्या गट क च्या पदांसाठीही पात्र धरले जाते, ही गोष्ट तर आमच्या ओळखीतील कितीतरी जणांना ठाऊक नव्हती. आरक्षण असले तरी परीक्षा द्यावीच लागते, आणि २० वर्षे वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला अंकगणित व बुद्धिमत्ता चाचणीच्या तयारीसाठी हात द्यायला तेथे कोणी नाही, ही उणीव मोठी आहे.

मेस्कोविषयी थोडक्यात लिहिते. सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांना माजी सैनिक सुरक्षा रक्षक पुरवणे हे या महामंडळाचे प्रमुख काम असून ज्याला लगेच, ओळखीचे आणि शिस्तीचे काम हवे त्याच्यासाठी ती भरवशाची वाट आहे; गल्लोगल्ली निघालेल्या खासगी एजन्सींकडे जाण्यापेक्षा मी कोणालाही आधी तिथे जायला सांगेन. सुरक्षा रक्षकाचे काम हलके आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु इंजिन उघडून दोष शोधणारा, रेडिओ संच दुरुस्त करणारा, रुग्णालयात नर्सिंग असिस्टंट म्हणून रात्रपाळ्या केलेला किंवा क्रेन चालवणारा, अशा सगळ्यांपुढे समाज एकच फाटक आणि एकच खुर्ची ठेवतो, तेव्हा देशाने त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्चही वाया जातो.

आम्हाला खरा उपयोग झाला तो लष्करातूनच निवृत्त झालेल्या एका सुभेदार मेजरांच्या मार्गदर्शनाचा, जे एका छोट्या केंद्रात बसून जवानांचे बायोडेटा तयार करून देतात. यजमानांच्या पहिल्या बायोडेटात युनिटची नावे, पोस्टिंगच्या जागा आणि पदके एवढेच होते. साहेबांनी तो बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. “हवालदार, तुमच्या वर्कशॉपमध्ये गाड्या किती होत्या? त्यांतल्या बंद पडलेल्या गाड्यांचा रोजचा अहवाल कोण द्यायचा?” यजमान म्हणाले, “साहेब, मीच द्यायचो.” मग सुटे भाग मागवायचे कोण, साठ्याची वही कोण ठेवायचे, हाताखाली माणसे किती, उंचावरच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून काय करीत होता, असे एकेक विचारत त्यांनी पानभर मजकूर उतरवून घेतला. त्या कागदावर शेवटी पदकांची एक ओळ राहिली आणि वर उभा राहिला तो वाहनांचा ताफा सांभाळणारा, साठ्याचा हिशेब ठेवणारा आणि १४ माणसांकडून काम करून घेणारा वर्कशॉप पर्यवेक्षक. चाकणच्या बाजूला मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीने त्याच कागदावर त्यांना मुलाखतीला बोलावले आणि आज ते तिच्या वर्कशॉपमध्ये पर्यवेक्षक आहेत. या मार्गदर्शनाला पैसे लागले नाहीत आणि कोणते मोठे यंत्रही लागले नाही; लष्करातले काम आणि कारखान्यातले काम दोन्ही जाणणारा एक माणूस आणि त्याने दिलेली दुपार, एवढ्यावर ते झाले. प्रत्येक जिल्हा कार्यालयात असा एक माणूस नेमलेला असावा, असे मला कळकळीने वाटते.

अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या घरच्यांनी खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची माहिती जरूर घ्यावी. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे खडकीला आली आणि आजही अपंग सैनिकांना राहण्याच्या सोयीसह विनाशुल्क व्यवसाय प्रशिक्षण देते. आमच्या शेजारच्या एका जवानाने तिथे शिक्षण घेतले आहे. शिकवणाऱ्यांना घाई नसते आणि शेजारी बसलेल्यालाही तशीच इजा झालेली असल्यामुळे मनाला उभारी येते, असे तो सांगतो.

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांसाठीची तयारी या सगळ्या व्यवस्थेला आतापासून करावी लागेल. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाणार आहे. बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन, पण पेन्शनीविना, पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील. सध्याच्या सेवा पेन्शनीचा आधार असलेला चाळिशीचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. या मुलांना नोकरीइतकीच पुढच्या शिक्षणाची वाट दाखवणारे कोणीतरी लागेल, आणि पुण्यासारख्या विद्यापीठाच्या शहरात ते जमणार नाही असे मुळीच नाही.

आता सैनिकपत्नींविषयी. यजमानांच्या बदलीबरोबर दर दोन-तीन वर्षांनी माझी शाळाही बदलत गेली. त्यांचे फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी नेमणूक, आले की मुलांना घेऊन वेगळ्या क्वार्टरमध्ये राहायचे, शांत ठिकाण मिळाले की जवळच्या शाळेत वर्षभराच्या करारावर शिकवायचे आणि शिकवण्यात रमू लागले की पुन्हा सामान बांधायचे. माझ्याकडे पाच राज्यांतील शाळांची अनुभवपत्रे आहेत. त्यांतील दोन हिंदीत आणि एकावर तारीखच नाही. राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा त्या त्या राज्यापुरती असते, म्हणून आमच्यासारख्यांनी केंद्रीय पात्रता परीक्षाच द्यावी. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य असते. हे मला लग्नानंतर लगेच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. परिचारिकांची अडचण याहून बिकट आहे, कारण राज्य बदलले की तेथील परिषदेकडे नोंदणीचे सोपस्कार पुन्हा करावे लागतात आणि ते उरकेपर्यंत बदलीचा पुढचा हुकूम येतो.

शहरात भरलेल्या एका रोजगार मेळाव्यात यजमानांच्या अर्जावर शिक्षण, ट्रेड, हुद्दा, वैद्यकीय श्रेणी असे सगळे रकाने होते आणि पत्नीसाठी एकच जागा होती, अवलंबित व्यक्तींची संख्या लिहिण्याची. मी माझा स्वतंत्र अर्ज मागितला तेव्हा टेबलापलीकडच्या मुलीने मला शिवणकामाच्या वर्गाचे पत्रक दिले. ती वागायला चांगली होती. तिच्यापाशी द्यायला दुसरा कागदच नव्हता. शिवण, बेकरी आणि सौंदर्यप्रसाधनाचे वर्ग ज्यांना हवेत त्यांच्यासाठी उत्तम आहेत आणि त्यांवर घर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण पदविका आणि अनुभव असलेल्या बाईलाही तेवढेच पुढे करणे म्हणजे तिचे शिक्षण विचारात न घेणेच होय.

म्हणूनच आर्मी वाइव्हज (आता विमेन) वेल्फेअर असोसिएशनच्या छत्राखाली आमच्या भागात चालवलेल्या संगणक आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वर्गाचे मला कौतुक वाटते. १९६६ पासून काम करणाऱ्या या संघटनेच्या वर्गांत पूर्वी हस्तकलेवर भर असे, असे मोठ्या बायका सांगतात. या वर्गात मात्र जीएसटीची बिले, पगारपत्रके आणि बँकेचे ताळमेळ एका चालू दुकानाच्या खऱ्या कागदांवरून शिकवले गेले. वेळ आधी दुपारची ठेवली होती. शाळेची व्हॅन त्याच सुमारास येत असल्याने निम्म्या बायका उठून जात. हे लक्षात आल्यावर शिकवणाऱ्या ताईंनी वर्ग सकाळी ९ ते ११ वर आणला आणि लहान मुलांसाठी शेजारची खोली उघडून दिली. त्यानंतर गळती थांबली. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी आता घरून दुकानांचे हिशेब लिहितात, त्यामुळे उद्या बदली झाली तरी त्यांचे काम त्यांच्याबरोबर जाईल. मी पुन्हा शिकवू लागले आहे आणि शाळेच्या कार्यालयाचे हिशेबही माझ्याकडे आले आहेत. सैनिकपत्नींसाठीची जी सोय मी पाहिली, तीत हा वर्ग सर्वांत वरचा.

अशा वर्गांची चौकशी युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये करावी. जाताना आपल्या नावाचे सगळे कागद, म्हणजे गुणपत्रिका, विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा आणि प्रत्येक गावच्या शाळेचे, दवाखान्याचे किंवा दुकानाचे अनुभवपत्र वेगळ्या फाइलमध्ये लावून न्यावे. अनुभवपत्र गाव सोडण्यापूर्वीच, तारीख आणि शिक्का पाहून, हातात घ्यावे. बदली झाल्यावर ते मागवणे फार कठीण जाते.