ब्रेनएचक्यू या मेंदूच्या व्यायामाच्या अ‍ॅपमधला 'डबल डिसिजन', आईसाठी घेतलाय
आईला डॉक्टरांनी एमसीआय सांगितलंय, म्हणजे डिमेन्शिया नाही पण विसरणं वयाच्या मानानं जास्त, म्हणून हे घेतलं. डबल डिसिजन हा गेम खरंच भारी आहे. स्क्रीनच्या मधोमध क्षणभर गाडी दिसते, कार की ट्रक ते ओळखायचं आणि त्याच वेळी कडेला रूट ६६ ची (अमेरिकेतल्या एका हायवेची) पाटी कुठे चमकली तेही सांगायचं, बरोबर येत गेलं की वेळ अजून कमी होतो. लक्षाचा व्यायाम आहे हा, पाठांतराचा नाही. अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या अभ्यासात ६५ च्या पुढच्या २,८३२ लोकांवर असे सराव तपासले, डबल डिसिजनसारख्या वेगाच्या सरावाचा फायदा त्या कामापुरता १० वर्षांनीही दिसला, स्मरणशक्तीच्या सरावाचा टिकला नाही. पण त्यात डिमेन्शियावाले घेतले नव्हते हां, एमसीआयवाल्यांना तेवढंच मिळेल असं धरू नका. आणि कॉग्निटिव्ह रिझर्व्ह, म्हणजे मेंदूची राखीव ताकद, काही अ‍ॅपनं तयार होत नाही, शिक्षण, काम, माणसांत वावर यातून ते आयुष्यभर साठतं, त्यामुळे भजनी मंडळ नि शब्दकोडी बंद करून हे देऊ नका प्लीज, जोडीला द्या. फुकटात रोज थोडं खेळता येतं, आधी तेवढं बघा, पैसे नंतर भरा. मोबाईलपेक्षा टॅबवर बरं पडतं.