ओपन रेल्स आणि ग्राफिक्स सेटिंग्ज: काही महिने वापरल्यावरचा माझा अनुभव

ओपन रेल्स हा ट्रेन चालवायचा गेम काही महिने रोजच्यासारखं वापरून झाला, आता ग्राफिक्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण गाडी कशी चालवायची यावर माहिती भरपूर मिळते पण सेटिंग्जबद्दल विचारलं की "सगळं मॅक्सवर टाक, चालतंय" किंवा "नवीन कार्ड घे" यापलीकडे फारसं कोणी काही सांगत नाही. दोन्ही सल्ले या गेमला लागू नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: इथे ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर आधी दमतो, आणि सुंदर चित्रापेक्षा एकसारखी हालचाल जास्त महत्त्वाची. हे दोन मुद्दे पटले की बाकीची सेटिंग्ज आपोआप सुचत जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपन रेल्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि ते २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले रूट आणि गाड्या चालवतं. त्या मूळ गेममध्ये सहा रूट होते, इंग्लंडचा सेटल-कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुक ते सांक्ट आंटोन, जपानमधले तोक्यो-हाकोने आणि हिसात्सु, अमेरिकेतले मारायस पास आणि नॉर्थईस्ट कॉरिडॉर. त्यानंतर लोकांनी बनवलेले रूट तर किती आहेत त्याला गणतीच नाही. म्हणजे इंजिन आजचं पण सामान बरंचसं वीसेक वर्षांपूर्वीच्या पद्धतीने बनवलेलं, आणि सेटिंग्जची सगळी गंमत नि सगळी कटकट इथूनच सुरू होते.

लॅपटॉप असेल तर सगळ्यात आधी एक काम करा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर विंडोज कधीकधी गेमला इनबिल्ट ग्राफिक्सवर ढकलतं, आणि आपण बसतो स्लायडर हलवत. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन हाय परफॉर्मन्स द्यायचं, पण ते सुरुवातीच्या मेनूवाल्या प्रोग्रामला नाही तर रनअ‍ॅक्टिव्हिटी नावाच्या फाइलला, कारण प्रत्यक्ष सिम्युलेशन तीच चालवते. चार्जर लावून खेळा हे वेगळं सांगायला नको.

आता मोजमाप. गेममध्ये एफ ५ दाबलं की माहितीचा पडदा येतो, शिफ्ट धरून एफ ५ दाबत गेलात की पानं बदलतात आणि त्यात डीबगचं पान येतं. या पानावर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढली जातात) तर आहेच, पण खरी कामाची गोष्ट म्हणजे रेंडर (चित्र काढणं), अपडेटर (गाड्यांची हालचाल), लोडर (डिस्कवरून सामान आणणं) आणि साउंड या चार कामांची टक्केवारी. रेंडर शंभराच्या जवळ जाऊन बसलंय आणि कार्ड मात्र आरामात आहे असं दिसलं, तर समजायचं की प्रोसेसर कार्डाला "हे काढ, ते काढ" सांगण्यातच अडकलाय. यालाच ड्रॉ कॉल म्हणतात. मोठं यार्ड असेल, दहा प्रकारचे डबे उभे असतील, बाजूला घरं, खांब, कुंपणं असतील तर प्रत्येक वेगळ्या वस्तूसाठी वेगळी सूचना जाते आणि एफपीएस कोसळतो, मग कार्ड कितीही दांडगं असो. उघड्या माळरानावर साठ आणि यार्डात शिरताच निम्मे, हा प्रकार त्यामुळेच होतो.

टेस्टिंगची माझी पद्धत सांगतो कारण यात वेळ फार वाचतो. ऑप्शन्स गेमच्या बाहेर, मेनूमध्येच बदलावे लागतात, खेळता खेळता बदलता येत नाहीत (ही माझी सगळ्यात मोठी तक्रार). म्हणून रूटवरची सगळ्यात जड जागा शोधायची, शक्यतो मोठं स्टेशन, समोरून गाडी येत असताना, आणि तिथे एफ २ दाबून सेव्ह करायचं. मग बाहेर या, एकच गोष्ट बदला, सेव्ह केलेल्या जागेवरून परत सुरू करा आणि तेच पान बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही.

सगळ्यात जास्त परिणाम व्ह्यूइंग डिस्टन्सचा, म्हणजे किती लांबपर्यंतचं दाखवायचं त्याचा. मूळ आकडा २००० मीटर आहे आणि बहुतेक रूटना तो पुरतो. अंतर दुप्पट केलं की दिसणारं क्षेत्र चौपट होतं, त्यामुळे २००० चे ४००० करताना "थोडंसंच वाढवलं" असं वाटतं पण बोजा थोडासा वाढत नाही. आणि एवढं करून मिळतं काय, तर लांबवर बोडकी जमीन! कारण जुन्या रूटमधल्या झाडांना, घरांना स्वतःचं कमाल अंतर ठरवून दिलेलं असतं, त्याच्या पुढे ती दिसतच नाहीत. मग ऑप्शन्समधल्या एक्सपेरिमेंटल या भागात वस्तू क्षितिजापर्यंत दाखवायचा पर्याय आहे तो लावायचा मोह होतो, आणि तो लावला की चित्र खरोखर देखणं दिसतं पण रेंडरची टक्केवारी बघवत नाही. स्क्रीनशॉट काढायला ठीक, गाडी चालवायला नको.

लांबचे डोंगर हवे असतील तर त्यासाठी डिस्टंट माउंटन्स हा वेगळा पर्याय आहे, त्याचं अंतरही वेगळं ठरवता येतं आणि तो तुलनेने फारच स्वस्तात पडतो. फक्त रूटच्या फोल्डरमध्ये लो टाइल्सचं फोल्डर असायला हवं, नसेल तर टिक करून काही उपयोग नाही. मोकळ्या डोंगराळ रूटवर मी व्ह्यूइंग डिस्टन्स २००० वरच ठेवतो आणि मागे हे डोंगर लावतो, पुरेसं भव्य वाटतं. हिसात्सुसारख्या रूटवर तर एवढ्याचीही गरज नाही. तिथे ओकोबाच्या आसपास लूप आणि झिगझॅग रिव्हर्सिंग दोन्ही आहे, गाडी डोंगराला बिलगून जाते, दोन किलोमीटर सरळ नजर पोचेल अशा जागाच कमी. तिथे अंतर थोडं कमी केलं तरी कळत नाही.

सावल्या. डायनॅमिक शॅडोज चालू ठेवा, गाडी जमिनीवर टेकलेली वाटते, नाहीतर डबे तरंगल्यासारखे दिसतात. पण त्याच्या शेजारी सगळ्या वस्तूंना सावली देणारा जो पर्याय आहे तो बंद. सावली काढायची म्हणजे ती वस्तू पुन्हा एकदा, सूर्याच्या बाजूने काढायची, आणि वर म्हटलं तसं आपला प्रोसेसर आधीच थकलेला. झाडाझुडपाच्या रूटवर या एका टिकेने जेवढे फ्रेम खाल्ले तेवढे बाकी कशानेच नाही. तसंही शंभरच्या वेगाने जाताना बाजूच्या कुंपणाला सावली आहे की नाही हे बघतंय कोण.

याच्या उलट अँटी-अलायझिंग, म्हणजे दातेरी कडा गुळगुळीत करणं. इथे कंजूषपणा करू नका. काम कार्डाचं आहे आणि कार्ड तर रिकामंच बसलंय. दुसऱ्या गेममध्ये कडा थोड्या दातेरी दिसल्या तरी चालतं, ट्रेनच्या गेममध्ये नाही, कारण अख्खा खेळच बारीक लांब रेषांचा आहे, समोर पळणारे रूळ, वरची वायर, खांबांची रांग. अँटी-अलायझिंग नसेल तर ओव्हरहेड वायर तुटक तुटक दिसते आणि सतत लुकलुकते, तासाभराने डोकं चढतं. मी ४एक्सवर सुरुवात केली, आता ८एक्सवर आहे आणि फ्रेममध्ये फरक जाणवलेला नाही. मात्र एक लक्षात घ्या, ओपन रेल्समध्ये एमएसएए प्रकार आहे, तो वस्तूच्या कडा गुळगुळीत करतो, पण झाडांची पानं किंवा जाळीचं कुंपण ही चित्रातच पारदर्शक भाग ठेवून बनवलेली असतात, ती तशीच करकरीत राहतात. झाडं चमचमतात म्हणून १६, ३२ पर्यंत चढवत बसू नका. विजेच्या रूटवर दुहेरी वायरचा पर्यायही आहे, मूळ गेममध्ये एकच वायर दिसायची, तो लावला की नॉर्थईस्ट कॉरिडॉर एकदम वेगळाच वाटायला लागतो.

सिग्नलबद्दल मात्र मी आग्रही आहे. ग्राफिक्सचं काम चालकाला पुढचं दाखवणं हेच आहे ना? मालगाडीला थांबायला किती अंतर लागतं ते चालवणाऱ्याला माहीत असतं, सिग्नलचा रंग शेवटच्या तीनशे मीटरवर कळला तर ब्रेक लावून उपयोग शून्य. यासाठी सिग्नल लाइट ग्लो नावाचा पर्याय आहे, दिव्याभोवती हलकी प्रभा येते आणि लांबूनच रंग ओळखू येतो. काही रूटमध्ये बनवणाऱ्यानेच ही सोय केलेली असते, तिथे हा बंद ठेवायचा नाहीतर दिवा भडक दिसतो.

झटक्यांचा विषय जरा सविस्तर, कारण बहुतेकांचं खरं दुखणं हेच. एफपीएस चांगला दिसतोय तरी मधूनच गाडी अडखळते. याचं कारण जमिनीच्या फरशा. हे रूट २०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी टाइल्समध्ये विभागलेले असतात आणि आपण पुढे जाऊ तशा नव्या टाइल्स लोड होतात. ताशी १०० किलोमीटरने एक टाइल साधारण ७४ सेकंदांत संपते, २०० ने गेलात तर ३७ सेकंदांतच. म्हणजे वेगवान गाडीवर झटके जास्त वेळा येणार हे उघड आहे. झटका येताना डीबगच्या पानावर लोडरची टक्केवारी उसळलेली दिसली तर ग्राफिक्सचे स्लायडर कमी करून काही होत नाही, गेम आणि रूट एसएसडीवर हलवा. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नेल्यावर माझ्याकडे जो फरक पडला तो कुठल्याच सेटिंगने पडला नव्हता.

व्हर्टिकल सिंक (गेमच्या फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवा असं मी सांगेन. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, ६० फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये अर्ध्या मीटरहून कमी सरकते, ३० असतील तर साधारण ९३ सेंटिमीटर. दोन्ही चालतं, खरंच, ३० लाही गाडी छान चालते, ट्रेनमध्ये काही नेमबाजी करायची नाहीये. त्रास होतो तो ६० चे ३५, ३५ चे ५० असं वरखाली झाल्यावर, स्लीपर पळताना तो फरक लगेच डोळ्यात खुपतो. शिवाय सिंक नसेल तर रिकाम्या जागी लॅपटॉप विनाकारण दीडशे-दोनशे फ्रेम काढत बसतो, तापतो, पंखा इंजिनाच्या आवाजाशी स्पर्धा करतो, आणि मग तापल्यामुळे स्वतःचा वेग कमी करतो, नेमका मोठं स्टेशन आलं की. लांबच्या रूटवर पहिली वीस मिनिटं झकास आणि नंतर रडगाणं असं होत असेल तर आधी हे तपासा.

परफॉर्मन्स ट्यूनर नावाचा एक पर्याय आहे, त्यात हवा तो एफपीएस सांगायचा आणि तो टिकवण्यासाठी गेम स्वतःच व्ह्यूइंग डिस्टन्स कमीजास्त करतो. कल्पना चांगली. पण वळणावर समोरची टेकडी गायब होते आणि पुढच्या वळणाला परत उगवते, हे मला सहन झालं नाही. बंद करून टाकलं.

वर्ल्ड ऑब्जेक्ट डेन्सिटीला, म्हणजे रूटवर किती वस्तू दाखवायच्या त्या आकड्याला, मी शेवटपर्यंत हात लावत नाही. ती कमी केली की काही प्रकारच्या वस्तू दिसणंच बंद होतं आणि ओळखीचा रूट ओसाड वाटायला लागतो. त्यापेक्षा लेव्हल ऑफ डिटेल बायस थोडा उणे करा, वस्तू राहतात, फक्त लांबच्या वस्तूंचा साधा नमुना वापरला जातो, आणि केबिनमधून बघताना फरक शोधूनच काढावा लागतो. मॉडेल इन्स्टन्सिंगची टिक तुमच्या व्हर्जनमध्ये दिसत असेल तर ती चालू असू द्या, एकसारख्या वस्तू एकाच सूचनेत काढल्या जातात.

केबिनचा विषय राहिला. जुनी टूडी केबिन ४:३ मॉनिटरसाठी काढलेली असते, रुंद स्क्रीनवर ती ताणली तर गोल मीटर अंड्यासारखे दिसतात, न ताणता कापून दाखवली तर वर-खालचा भाग जातो आणि तो बाणांनी सरकवून बघावा लागतो. मी दुसरा मार्ग घेतला, मीटर वाचता येणं महत्त्वाचं. थ्रीडी केबिन असेल तर ऑल्ट १, पण ती जड असते, कमजोर मशीनवर टूडीच बरी. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे नजरेत मावणारा कोन, ४५ अंश दिलेला आहे, तो वाढवला की वेगाचा भास वाढतो पण लांबचा सिग्नल आणखी बारीक होतो, म्हणून मी तो आहे तिथेच ठेवलाय.

इतके महिने वापरून दोन गोष्टी अजून खटकतात. एक म्हणजे प्रत्येक बदलाला बाहेर पडावं लागतं ते वर लिहिलंच. दुसरी, प्रत्येक रूटला वेगळी सेटिंग्ज लागतात पण ती रूटप्रमाणे लक्षात ठेवायची सोय मला मेनूत सापडली नाही, त्यामुळे मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रूटचं नाव आणि पुढे अंतर, सावल्या, बायस एवढे आकडे लिहून ठेवलेत. फुकट मिळणाऱ्या आणि लोकांनी आपापल्या वेळात बनवलेल्या गोष्टीकडून यापेक्षा जास्त मागणं मला तरी बरं वाटत नाही.

इनबिल्ट ग्राफिक्सवाल्या जुन्या मशीनवर खेळणार असाल तर कात्री या क्रमाने चालवा: आधी सगळ्या वस्तूंच्या सावल्या, मग व्ह्यूइंग डिस्टन्स १५०० पर्यंत, मग सावल्या पूर्णच, मग अँटी-अलायझिंग २एक्सवर (इनबिल्टवर मात्र तेही जड जातं). एवढ्यावरही ३० टिकत नसतील तर कमी गर्दीचा रूट निवडा आणि डबे कमी असलेली गाडी घ्या, डेन्सिटी त्यानंतरच.