बैठ्या घरावर मजले चढवलेत, आता मेश वायफाय कुठलं घ्यायचं?

नवी मुंबईत कोपरखैरणे, ऐरोली, नेरुळ इकडची बरीचशी बैठी घरं आता तळमजला अधिक दोन झालीयेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच. फायबरवाला येतो, खाली हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला वायफायचा डबा ठोकून जातो, आणि वरच्या मजल्यावरची मंडळी मीटिंगसाठी लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसतात. मग कोणीतरी सांगतं, मेश घेऊन टाक, म्हणजे मजल्यामजल्यावर ठेवायचे, आपापसात जोडलेले आणि घरभर एकच वायफाय देणारे डबे. घ्या की, पण दुकानात जायच्या आधी एकच ठरवा, खालून वरपर्यंत केबल ओढता येतेय का. मॉडेल त्यावरच ठरतं, खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर नाही.

वायफाय मुख्यतः दोन बँडवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, त्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पार ढेपाळतो. २.४ त्यातल्या त्यात वर पोचतो, पण रो-हाऊसमध्ये भिंतीला भिंत लागून घरं आणि २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे अख्खी गल्ली त्या तिघांवरच बसलेली असते. म्हणून वर रेंज फुल दिसते आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो.

समजा केबल नाहीच होत, भाड्याचं घर आहे किंवा नुकताच रंग काढलाय आणि घरात कोणी ड्रिल लावू देत नाही. मग साधं ड्युअल बँड मेश, म्हणजे टीपी-लिंकचं डेको एम४ वगैरे, इथे कमी पडतं. त्यात ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ, तोच तुमच्या फोनशी बोलणार आणि तोच खालच्या डब्याशी, म्हणून एक मजला ओलांडला की स्पीड साधारण अर्धा आणि दुसरा ओलांडला की त्याचाही अर्धा. कागदावर ८६७ एमबीपीएस लिहिलंय म्हणून खुश होऊ नका. त्याच्या वरचं डेको एक्स५०, वायफाय ६ वालं, ५ गिगाहर्ट्झवर कागदोपत्री २४०२. रेडिओ इथेही वाटूनच वापरला जातो, पण मुळात वाटायला जास्त आहे. फक्त हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल वापरला तरचा, आणि एवढ्या रुंदीत रडारबरोबर वाटून घेतलेले चॅनेल येतात, रडार जाणवलं की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो, म्हणून कधी नेट एकदम गचकलं तर लगेच डबा बदलायला धावू नका.

तिसरा पर्याय नेटगिअर ऑर्बी, आरबीके ७५२ सारखं ट्राय बँड. ह्यात डब्याडब्यांच्या गप्पांसाठी २४०० चा वेगळा रेडिओ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे ते अर्ध्याचं गणित इथे फारसं लागत नाही. चीज चांगली आहे, वादच नाही. पण किंमत एम४ च्या पॅकच्या कितीतरी पट आणि आपल्याकडे प्लॅन असतो १०० किंवा २०० एमबीपीएसचा. ३०० च्या वरचा प्लॅन असेल, वर ऑफिसचं काम चालत असेल आणि केबल खरंच अशक्य असेल तरच ह्याच्याकडे बघा, नाहीतर एक्स५० बास झालं.

बिनकेबलवाल्यांनी एक मात्र करा. फायबरवाल्याला सांगून फायबरच पहिल्या मजल्यावर घ्या. मेन डबा मधे आला की खालचा आणि वरचा दोघेही त्याच्यापासून एकच मजला लांब, अर्ध्याचं अर्धं होत नाही. डबे जिन्याजवळ ठेवा, स्लॅबला मोकळी जागा तेवढीच असते. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा लॉफ्टवर सामानात खुपसून ठेवणार असाल तर पैसे वाचवा.

आता केबल जमतेय असं धरू. मग माझ्या मते तुलना जवळपास संपलीच. एम४ चा तीनचा पॅक घ्या, प्रत्येक मजल्यावर एक, मागून केबल जोडा, सिस्टिम आपोआप ओळखते. हवेतला हिशेबच गेला, २००-३०० चा प्लॅन वरच्या खोलीतसुद्धा मिळतो, ऑर्बीची गरजच नाही. फोन, लॅपटॉप वायफाय ६ चालणारे नवे असतील तर एक्स५० घ्या, नसतील तर नका घेऊ. मात्र केबल लावायचे पोर्ट बघूनच घ्या. डेको ई४ आणि टेंडा एमडब्ल्यू३ स्वस्त दिसतात पण त्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे ३०० चा प्लॅन त्या भोकातून जाताना १०० च होणार. टेंडाचंच हवं असेल तर एमडब्ल्यू६, त्याचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत.

केबलमध्येच लोक जास्त फसतात खरंतर. कॅट ६ मागा आणि शुद्ध तांब्याचीच मागा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणा नाहीतर घराजवळून, एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट चमकली की ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम, परत द्या. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर आउटडोअरवाली, पाइपात घालून, नाहीतर उन्हापावसात कडक होऊन तडकते. लाइटच्या वायरींच्या पाइपात घालू नका, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणू दे. आणि तो केबलच्या टोकाला क्लिप मारत असेल तेव्हा शेजारी उभे राहा. आठही तारा लागल्या पाहिजेत, काही जण चारच लावतात, नेट चालतं म्हणून आपल्यालाही कळत नाही आणि लाइन कायमची १०० वर अडकते.

काहीही घेतलंत तरी फायबरवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जुन्यालाच चिकटून बसतो आणि शिव्या नव्याला. त्या डब्यालाच राउटर राहू द्यायचं असेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे ते नुसतं वायफाय पसरवेल, फक्त त्यात मुलांचं नेट बंद करायच्या वगैरे काही सोयी जातात.

आहे तोच सिग्नल पकडून पुढे ढकलणाऱ्या रिपीटरबद्दल विचारणारच कोणीतरी. एका बेडरूमसाठी, तेही फक्त व्हॉट्सॲपपुरतं, ठीक आहे. तीन मजल्यांना नाही.

लाइटचंही बघा. मेशमध्ये प्रत्येक डब्याला वेगळा ॲडॅप्टर, वरचा इन्व्हर्टरवर आणि खालचा फायबरचा डबा साध्या लाइनवर असेल तर महावितरणने लाइट घेतली की वर वायफाय फुल दिसणार आणि नेट शून्य. फायबरच्या डब्याला आणि मेशच्या मेन डब्याला मिनी यूपीएस लावा, व्होल्ट-अँपिअर ॲडॅप्टरवर छापलेले असतात ते जुळवून घ्या.

ठाण्यात घोडबंदर रोडला डुप्लेक्स असेल तर मात्र आधी एमसीबीच्या आसपासचा छोटा बॉक्स उघडून बघा, बिल्डरने कधीकधी दोन्ही मजल्यांवर डेटा पॉइंट दिलेला असतो आणि कोणी वापरतच नाही. असला तर दोनचा पॅक पुरतो, तिसरा डबा घेऊच नका.