जुन्या फोर्ड इंजिनाच्या वयाचं पत्र: एका मालक-क्लबच्या सेवेबद्दल

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी आयव्हीए ही एकेका गाडीची सरकारी मंजुरी-तपासणी पार करावी लागते. तिथे धुराची मर्यादा ठरते ती इंजिनाच्या वयावरून. गाडी अगदी काल पूर्ण झालेली असली तरी इंजिनाचंच वय धरतात. इंजिन १ ऑगस्ट १९७५च्या आधीचं असेल तर तपासनीस धूर फक्त डोळ्यांनी बघतात. त्यानंतरचं, पण ३१ जुलै १९८६पर्यंतचं असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी यंत्राची नळी लागते, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) १२०० पीपीएमच्या (दहा लाखांत १२०० भागांच्या) आत यावा लागतो. १९९२पर्यंतच्या इंजिनांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे धूर शुद्ध करणारं उपकरण असलेल्या गाड्यांचे, कडक आकडे सुरू होतात. इंजिन किती जुनं हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र गाडी घेऊन येणाऱ्याची.

माझी गाडी लोटस सेव्हन या जुन्या हलक्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची आहे, दोन माणसांची, उघडी. इंजिन फोर्डचं १६०० सीसी क्रॉसफ्लो, त्यावर वेबरचे दोन ४० डीसीओई कार्ब्युरेटर आणि जास्त ताकदीसाठी बदललेला, ज्याला ‘गरम’ म्हणतात तसा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). असा कॅम घातला की इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात आणि आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर जातं. म्हणजे हायड्रोकार्बन वाढणारच. इंजिन सुटं विकत घेतलेलं, ज्या गाडीतून निघालं तिचं लॉगबुक कधीच गहाळ झालेलं. लॉगबुक असतं तर त्यावर इंजिन नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख दोन्ही मिळाले असते. तेव्हा कुणातरी जाणकाराचं पत्र हवंच होतं, आणि ते मी जुन्या फोर्ड गाड्यांच्या एका मालक-क्लबकडून घेतलं. त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी पत्र सहजासहजी दिलं नाही. नोंदी सांभाळणारे गृहस्थ निवृत्त आहेत, फोर्डच्या इंजिनांवर आयुष्य गेलेलं. मी पहिल्या ईमेलमध्ये ब्लॉकवरच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावरच्या) ७११एम या ओतीव अक्षरांचा फोटो पाठवला होता. त्यांनी शांतपणे समजावलं की हा सुट्या भागाचा क्रमांक आहे. त्यातला ७१ म्हणजे त्या भागाचं डिझाइन १९७१चं. तेच डिझाइन पुढे कितीतरी वर्षं ओतलं गेलं, त्यामुळे त्यावरून ब्लॉक १९७२चा की १९८०चा हे कळत नाही. विक्रीच्या जाहिरातींत मात्र हाच आकडा सर्रास वयाचा पुरावा म्हणून दिलेला असतो.

खरा पुरावा म्हणजे ठसे ठोकून उमटवलेला इंजिन नंबर. त्या काळात युरोपातल्या फोर्डमध्ये त्या नंबरात दोन अक्षरं असायची, एक वर्षाचं आणि एक महिन्याचं. वर्षाची अक्षरं क्रमाने जातात: १९७२ला एम, १९७३ला एन, १९७४ला पी, १९७५ला आर. माझ्या ब्लॉकवर एन आहे. पण नुसतं अक्षर वाचून ते थांबले नाहीत. नंबरावरचा रंग वायर ब्रशने घासू नका, ठसे झिजतात, रंग काढायचं केमिकल लावा असं त्यांनी बजावलं. मग टॉर्च एका बाजूने तिरपा धरून फोटो काढायला सांगितले, शेजारी पट्टी ठेवून. तिरप्या उजेडात ठशांची खोली दिसते आणि आसपास ग्राइंडर फिरवला असेल तर तेही दिसतं. जुना नंबर घासून नवा ठोकलेले ब्लॉक बाजारात आहेत, आणि त्यांना तीच शंका दूर करायची होती. एवढं होऊनही ‘प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सही करणार नाही’ म्हणाले. इंजिन पिकअपमध्ये घालून क्लबच्या मेळाव्याला न्यावं लागलं. तिथे त्यांनी गुडघे टेकून, भिंग लावून ते तपासलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून बघितला. १६०० क्रॉसफ्लोचा बोअर ८०.९७ मिलिमीटर असतो, माझा त्याहून थोडा मोठा निघाला, म्हणजे सिलिंडर एकदा आतून कापून मोठा केलेला (रीबोअर). तेही त्यांनी टिपून घेतलं.

पत्र आलं ते जेमतेम पाऊण पानाचं. पण त्यातलं प्रत्येक वाक्य उपयोगी आहे. पूर्ण इंजिन नंबर, कंपनी, प्रकार, सीसी. नंबर मूळचाच असून घासलेला दिसत नाही. ब्लॉक स्वतः पाहिला. त्या अक्षरावरून इंजिन १९७३मध्ये बनलेलं, म्हणून १ ऑगस्ट १९७५च्या आधीचं. शेवटच्या वाक्यात तीच तारीख आहे जी तपासनिसाच्या तक्त्यात असते, त्यामुळे त्याला काही ताडून बघावं लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एकाने इंटरनेटवरून झटपट दाखला मागवला होता. जाड कागद, सोनेरी शिक्का, किंमत क्लबच्या दुप्पट. एकही फोटो मागितला नव्हता, आणि वय कशावरून ठरवलं याचा त्यात एक शब्द नव्हता. तपासणी केंद्राने तो धरला नाही. वय सिद्ध झालं नाही तर इंजिन नवीन समजून मर्यादा लावतात, आणि कार्ब्युरेटरवर चालणारं जुनं इंजिन त्या आकड्यांत बसणं अशक्यच. त्याची गाडी अजून गॅरेजमध्ये उभी आहे. याचा मला मनापासून राग येतो. माणसं वर्षानुवर्षं संध्याकाळी राबून गाडी बांधतात आणि कुणी त्यांना नुसता शिक्का विकतो.

क्लबच्या सेवेतही उणिवा आहेत. आधी सभासद व्हावं लागतं. पैसे फक्त चेकने. पत्र टपालानेच येतं, आणि मधल्या काळात अर्ज पोहोचला की नाही याची काहीच पोच मिळत नाही. तपासणीची तारीख ठरलेली असेल तर जीव टांगणीला लागतो. पत्रासोबत नंबराचा फोटो चिकटवून त्यावर सही केली तर तपासनिसाचं काम आणखी सोपं होईल. मी तसं सुचवलं आहे.

शिवाय ही सेवा जुन्या फोर्डपुरतीच आहे. एमजी, ऑस्टिन, ट्रायम्फ अशा गाड्यांसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ उत्पादन-नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. पण त्या नोंदी अख्ख्या गाडीच्या असतात, म्हणून सुटं इंजिन असेल तर ते कुठल्या गाडीतून आलं हे आधी माहीत हवं. जपानी इंजिन असेल तर सरळ कंपनीला लिहावं.

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाईंनी पत्र वाचलं, टॉर्च घेतला आणि ब्लॉकवरचा नंबर एकेक अक्षर करून पत्राशी जुळवला. म्हणून एक विनंती, एक्झॉस्ट आणि वायरिंग बसवताना नंबर दिसेल एवढी जागा सोडा. माझ्या इंजिनावर हीटरचा पाइप आड येत होता, तो मी आधीच सरकवून घेतला होता. इंजिन गरम झाल्यावर त्यांनी वेग वाढवून बघितला. दाट निळा धूर नाही, काळा नाही. धुराचा भाग तिथेच संपला.

मूळ पत्र जपून ठेवा, तपासणीला प्रत चालेल का हे आधी विचारा. पुढे एमओटीला (ब्रिटनमधल्या नियमित वाहन-तपासणीला) किंवा गाडी विकताना ते पुन्हा लागू शकतं. १ सप्टेंबर २००२च्या आधी वापरात आलेल्या गाडीत दुसरं इंजिन बसवलेलं असेल तरी एमओटीला गाडी आणि इंजिन यांतलं जे जुनं, त्याची मर्यादा लागते, आणि तिथेही इंजिनाच्या वयाचा पुरावा मालकालाच द्यावा लागतो. त्यामुळे घरी बांधलेली गाडी (किट कार) नसलेल्यांनाही या क्लबचा उपयोग आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या न येणाऱ्या पोचपावतीसाठी कापला आहे. अर्ज करणार असाल तर इंजिन गाडीत बसवायच्या आधी करा, कारण बाहेर असलेलं इंजिन चारही बाजूंनी तपासता येतं.