तिसऱ्या वर्षाला हॉस्टेल नाही: पीजी, खोली की रोजची ये-जा?

जूनच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोराचा फोन आला. "पप्पा, यंदा आम्हाला हॉस्टेल नाही म्हणे. खोल्या नव्या पोरांना." दुसऱ्या दिवशी निपाणीहून जाऊन भेटलो. वॉर्डन भला माणूस, पण खाटा मोजक्याच. पहिल्या वर्षाचं पोर शहरात नवखं, म्हणून त्याला आधी. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्यांनी आपली सोय आपण बघायची. हिशेब पटण्यासारखा आहे. फक्त तो एप्रिलमध्ये सांगितला असता तर चांगल्या खोल्या हातच्या गेल्या नसत्या. पुढचे बारा दिवस मी बेळगावात लोकांचे जिने चढत-उतरत होतो. यंदा कोणी त्याच फेऱ्यात असेल तर हे त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगतो. तिसऱ्या वर्षाचा मुलगा असेल आणि बरोबर दोन ओळखीची पोरं असतील, तर कॉलेजला चालत जाता येईल अशी खोली घ्या. चौथ्या वर्षाला पीजी, म्हणजे जेवणासकट भाड्यानं मिळणारी खाट, बरी. ये-जा प्रत्येकाला जमणारी नाही.

ये-जा किती किलोमीटरची, यापेक्षा कॉलेज शहराच्या कुठल्या अंगाला आहे हे आधी बघायचं. उद्यमबागची इंजिनिअरिंग कॉलेजं आणि मच्छेचं विटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, खानापूर रस्त्यावर. खानापूरचं पोर शहरात शिरायच्या आधीच उतरतं, पंचवीसेक किलोमीटरच्या आत काम झालं. त्या बाजूच्या आईबापांनी हॉस्टेल गेलं म्हणून फार जीवाला लावून घेऊ नये. राणी चन्नम्मा विद्यापीठ भुतरामनहट्टीला, हायवेवर; ते संकेश्वर-हत्तरगीकडच्यांना वाटेतच लागतं. पण घर निपाणीला आणि कॉलेज उद्यमबागला असलं की अवघड. पंचाहत्तरेक किलोमीटर, मध्ये वंटमुरीचा घाट, मग सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, उतरून सिटी बसनं शहराचं दुसरं टोक. आम्ही आठ दिवस करून बघितलं. पोरगं पहाटे साडेपाचला घर सोडायचं, रात्री साडेआठला यायचं आणि भाकरीचा तुकडा हातात धरून पेंगायचं. नवव्या दिवशी त्याच्या आईनं विषय संपवला.

मुलींच्या बाबतीत ‘बस फुकट आहे की’ असं म्हणून ये-जा ठरवणारे पुष्कळ आहेत. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकामुलींना तिकीट नाही, हे खरं. पण ते राज्याच्या आतल्या प्रवासाला. आंतरराज्य गाड्यांना सवलत लागू नाही, म्हणजे कोल्हापूरची गाडी आधी आली तरी ती सोडून पुढचीची वाट बघायची. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की, २०२५ च्या फेब्रुवारीत झालं तसं, पलीकडच्या एसट्या यायच्या बंद होतात आणि सगळी गर्दी उरलेल्या गाड्यांवर येते. त्या गर्दीत ड्रॉइंगची शीट धरून उभं राहायचं.

आता पीजी. दोघांत एक खोली, दोन वेळचं जेवण, वायफाय, आम्हाला ७,००० सांगितले. ऐकायला सुटसुटीत. एका ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कठड्याला दहा-बारा जीन्स लटकत होत्या. जून अर्धा झाला होता, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता, आणि जिन्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास. मालक म्हणाला, "हवा खेळती आहे बघा." म्हणून सांगतो, पीजी उन्हाळ्यात बघायला गेलात तरी कपडे वाळत कुठं घालतात ते दाखवायला लावा. नाश्ता किती वाजता, हेही विचारा. तिथं साडेआठला होता आणि पोराचा पहिला तासही साडेआठलाच. रविवारी रात्री मेस बंद असते हे आपणहून कोणी सांगत नाही.

एका मालकानं वर जीएसटी पडेल म्हणून सांगितलं. जुलै २०२४ पासून, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाला राहण्याच्या शुल्कावर जीएसटी नाही. मी तेवढंच म्हणालो. त्यानं चहा मागवला.

खोलीचा मामला वेगळा. अनगोळात वरचा मजला मिळाला: दोन खोल्या आणि किचन, भाडं ९,०००, डिपॉझिट ४०,०००, तीन पोरं. माणशी भाडं ३,०००, डबा ३,२००, शिवाय गॅस, झाडणारी बाई, पिण्याच्या पाण्याचे कॅन. महिन्याअखेरीस आकडा पीजीच्या आसपासच येतो. पैसे वाचतील म्हणून खोली घेत असाल तर घेऊ नका. मिळतं ते दुसरंच: रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसता येतं, शेजारच्या खाटेवर कोण येणार हे आपण ठरवतो, आणि परीक्षेच्या आधी आई चार दिवस येऊन राहू शकते. पीजीत आईला गेटाच्या आत घेत नाहीत.

पण पाणी. घरमालकीण मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पाणी पाच दिवसांनी येतंय, टाकी तुम्हीच भरून घ्यायची." वर हजार लिटरची सिंटेक्स. मी तिथंच हिशेब केला: तीन पोरं, पाच दिवस, रोज माणशी ६६ लिटर. त्यात आंघोळ, संडास, धुणं, भांडी. जमतं, पण पाणी आलेल्या सकाळी कोणीतरी घरात पाहिजे, आणि तिघांचंही लेक्चर असतं. बेळगावात जुन्या घरांना विहिरी आहेत. विहीर असलेलं घर पाचशे रुपये महाग असलं तरी तेच घ्या. आम्हाला मिळालं नाही.

दुसरा प्रश्न, वीजमीटर वेगळा आहे का. वेगळा असेल तर गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचा, लाभ भाडेकरूलाही घेता येतो. पण तो आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरतो, आणि २०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल भरायचं. तीन पोरं आणि एक गिझर असेल तर लक्ष ठेवावं लागतं. मटण शिजवायला चालतं का, हेही विचारून घ्या; नंतर वाद नको.

मुलींचं थोडक्यात सांगतो, कारण माझा अनुभव दुसऱ्या हातचा आहे. भावाची मुलगी नेहरूनगरला पीजीत आहे. गेट आठला बंद. मुलींना कुलूप आणि मुलांना मोकळं रान, हे मला पटत नाही. पण कॉलेज पाच मिनिटांवर आहे आणि खाली चोवीस तास माणूस असतो, एवढ्यावर भाऊ शांत झोपतो.

नातेवाइकांकडे ठेवायचा विचार बहुतेक घरांत पहिल्यांदा येतो. आमचाही शहापुरात पाहुणा आहे. पहिला महिना लाडाचा असतो. ऐन परीक्षेत त्यांच्याकडे बारसं निघालं की पोरगं मांडववाल्याबरोबर फिरतं, आणि तुम्हाला काही बोलता येत नाही.

पैशांची ओढाताण असेल तर कर्नाटक सरकारची विद्यासिरी योजना बघा. मागास प्रवर्गातल्या, म्हणजे मराठा समाज ज्यात येतो त्या ३ब प्रवर्गातल्याही, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला जेवण-राहण्यासाठी दरमहा मदत मिळते, वर्षाला दहा महिने. उत्पन्नाची अट आहे. दाखले आधीच काढून ठेवा.

चौथ्या वर्षाला पीजी बरं म्हणालो ते इंटर्नशिपमुळे. विटीयूच्या २०२२ च्या स्कीममध्ये शेवटच्या वर्षातला एक सेमिस्टर बराचसा त्यातच जातो, आणि सातवा-आठवा सेमिस्टर अदलाबदल करायची मुभाही आहे. पोरगं ऐन मध्यावर बेंगळुरूला किंवा पुण्याला निघालं की अकरा महिन्यांच्या करारातल्या रिकाम्या खोलीचं भाडं तुम्ही भरणार. पीजीला महिन्याची नोटीस पुरते. स्वायत्त कॉलेजांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, म्हणून विभागप्रमुखांना आधी विचारा.

आमचं करारपत्र कानडीत होतं. मला बोलता येतं, वाचताना अडखळतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडून वाचून घेतलं तेव्हा कळलं, सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार. मावशींशी तासभर बोललो. रंगकामाचे पैसे काही सुटले नाहीत. पण इंटर्नशिपचं पत्र दाखवलं की महिन्याच्या नोटिशीवर खोली सोडता येईल, एवढी ओळ त्यांनी खाली कानडीत, स्वतःच्या हातानं लिहून दिली.