कालव्याच्या संगणकीय मॉडेलसाठी हेक-रास (HEC-RAS) घ्यावे की एसआयसी (SIC)?

कालव्याच्या मुखाशी, म्हणजे हेडला, विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) वाढवला की शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी कधी वाढते? पाणी 2 मीटर खोल आणि वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर बदलाची पहिली लाट 20 किलोमीटर तासाभरात कापते. पण त्या लाटेने वितरिकेचे (मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या शाखेचे) पोट भरत नाही. 10 मीटर रुंद कालव्याची पातळी तेवढ्या लांबीत 20 सेंटिमीटर चढायला 40 हजार घनमीटर पाणी लागते. हेडला सेकंदाला 2 घनमीटर वाढवले आणि ते सगळे भरण्यातच गेले, तरी साडेपाच तास. प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असे धरणाऱ्या स्थिर प्रवाहाच्या गणितात हे तास दिसतच नाहीत, आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी नेमकी त्यातच जाते.

हे तास दाखवणारी हेक-रास आणि एसआयसी ही दोन्ही सॉफ्टवेअर बदलत्या प्रवाहाची सेंट-व्हेनंट समीकरणे प्राइसमनच्या आकडेमोडीच्या पद्धतीने सोडवतात, म्हणून एकमितीय प्रवाहाच्या अचूकतेवरून निवड करू नका. दारे कोण कशी हाताळते, ते पाहा.

हेक-रास अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे, फुकट आणि भरपूर वापरात असलेले. अडले तर विचारायला माणूस सापडतो. कालवा फुटला तर पाणी शेतात कुठवर पसरेल, हे द्विमितीय मॉडेलने दाखवता येते. त्या कामाला मी दुसरे काही सुचवणार नाही. पण त्याचा पिंड नदीचा. क्रॉस रेग्युलेटर (कालव्यातली पातळी राखणारी आडवी दारे), विमोचक (कालव्यातून पाणी बाहेर देणारी दारे) सगळे बसवता येते, मात्र दारे चालवण्याचे नियम स्वतः लिहावे लागतात. कोरड्या कालव्यात पहिले पाणी सोडताना प्राइसमनच्या पद्धतीचे एकमितीय गणित हमखास अडखळते. तळाशी थोडा प्रवाह आधीच धरावा लागतो.

एसआयसी फ्रान्समधले, कालव्यांसाठीच घडवलेले. श्रीलंकेतल्या किरिंदी ओया प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर ते सुरुवातीच्या काळातच वापरले गेले. प्रत्येक विमोचकाला हवा तो विसर्ग सांगा, दार किती उघडायचे ते काढून देते. स्वयंचलित नियंत्रणाच्या पद्धतीही त्यात तपासता येतात. वापरणारे मात्र कमी, त्यामुळे शिकणे बरेचसे एकट्याने.

पाच-सहा रेग्युलेटरांचा ताळमेळ बसवायचा असेल तर एसआयसी शिकण्याचे कष्ट घ्याच. एरवी हेक-रास. कोणतेही घेतले तरी दारांचे विसर्ग गुणांक (दाराच्या उघडझापीवरून विसर्ग काढायचे आकडे) पुस्तकातून उचलू नका; आवर्तन चालू असताना करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजून घ्या.